पाऊस आणि लेप्टोचे रुग्ण: तारखांना नेमका आठवडा कसा लावायचा

सावंतवाडीचा रोजचा पाऊस आणि सिंधुदुर्गातले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) साप्ताहिक रुग्ण एका तक्त्यात आणायचे, तर आधी आठवडा कोणता ते ठरवा. दोन्हीकडे ‘आठवडा २३’ असला तरी दिवस वेगळे असू शकतात.

हवामानाचा प्रमाण आठवडा, शेतीसल्ल्यातला, १ जानेवारीपासून मोजतात. वार कोणताही असो. आठवडे ५२च. शेवटचा २४ ते ३१ डिसेंबर, आठ दिवसांचा; लीप वर्षात नववाही आठ दिवसांचा. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाचा) आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ४ जानेवारी ज्यात येते तो पहिला. त्यामुळे ३ जून २०२४ आयएसओने २३व्या आठवड्यात येते, हवामानाच्या मोजणीने २२व्या.

आर (R) या संगणकभाषेत तारखांसाठी लुब्रिडेट (lubridate) हे पॅकेज आहे. त्यातलं आयसोवीक हे फंक्शन सोमवारपासून मोजतं, एपिवीक रविवारपासून, नुसतं वीक १ जानेवारीपासून. हवामानाच्या आठवड्यासाठी वीक वापरायचा मोह होतो, पण ते ३१ डिसेंबरला ५३ देतं आणि लीप वर्षात ४ मार्चला ९ऐवजी १०. त्यापेक्षा सूत्र लिहा: वर्षातला कितवा दिवस ते काढा, लीप वर्षात २९ फेब्रुवारीपासून पुढे त्यातून १ कमी करा. मग १ वजा करून ७ने भागा, बाकी सोडा, १ मिळवा. ५३ आलं तर ५२ करा.

सर्वांत जास्त घोळ वर्षाचा. १ जानेवारी २०२१ हा आयएसओने २०२०चा ५३वा आठवडा. त्याला कॅलेंडरचं वर्ष लावलंत, तर तो दिवस २०२१च्या शेवटी जाऊन बसतो. म्हणून आयसोवीकसोबत इयर नको, आयसोइयर घ्या. पायथन भाषेतल्या पांडाज (pandas) या लायब्ररीत आयसोकॅलेंडर आठवडा आणि वर्ष दोन्ही देतं.

खरं तर जोडणी क्रमांकावर करूच नका. लुब्रिडेटच्या फ्लोअर-डेटने (floor_date) आठवड्याचा सोमवार काढा आणि त्या तारखेवर जोडा. त्याला वीक-स्टार्ट १, म्हणजे सोमवार, दिलं नाही तर ते रविवार धरतं. साप्ताहिक रुग्णसंख्या फोडता येत नाही, म्हणून रुग्णांचे आठवडे सोमवार ते रविवार असतील तर पाऊसही त्याच चौकटीत बेरजेने बसवायचा. हाती नुसता आयएसओ क्रमांक असेल, तर ४ जानेवारीच्या आठवड्याचा सोमवार शोधून त्यात (क्रमांक − १) × ७ दिवस मिळवा.

पावसाची नोंद सकाळी साडेआठची, मागच्या चोवीस तासांची. सोमवारच्या तारखेखालचा पाऊस बराचसा रविवारी पडलेला असतो. एका दिवसात २०० मिमी कोसळणाऱ्या किनाऱ्यावर ही सरमिसळ परवडत नाही. बेरजेआधी तारीख एक दिवस मागे घ्या.

बेरजेसोबत नोंदीही मोजा. न नोंदवलेले दिवस वगळून बेरीज केली की ते आपोआप कोरडे ठरतात. सात नोंदी नसलेला आठवडा रिकामाच ठेवा.