मासेमारीच्या सरकारी मसुद्यावर हरकत कशी लिहावी

मच्छीमार संघटनांना हरकती-सूचना लिहून देण्याचं काम मी करते. "शासनाचे धोरण अन्यायकारक आहे" अशी सुरुवात असलेलं पत्र फायलीला लागतं आणि तिथंच राहतं. अधिकाऱ्याला नेमकं कलम दाखवावं लागतं, आणि त्याजागी काय हवं तेही.

मसुदा हातात आला की उद्देश-बिद्देश सोडा, आधी व्याख्या उघडा. 'मच्छीमार' कोणाला म्हटलंय? परवानाधारक होडीच्या मालकाला, एवढंच असेल तर खलाशी बाहेर पडला, ओहोटीला पायी जाऊन कालवं काढणारी बाहेर पडली, मासे सुकवणारी आणि विकणारीही. नुकसानभरपाई, बंदीकाळातली मदत, समितीवरची जागा, सगळं याच एका ओळीवर ठरतं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८च्या कायद्यात व्यावसायिक, हौशी आणि पोटापुरती असे तीनच कप्पे होते. थोडं घरी ठेवून बाकीचं विकणारे छोटे मच्छीमार त्यात कुठंच बसेनात. प्रकरण कोर्टात गेलं, २००७मध्ये तात्पुरता दिलासा मिळाला आणि स्वतंत्र धोरण यायला २०१२ उजाडलं. म्हणून नुसती तक्रार नको, पर्यायी मजकूर द्या: "होडीने किंवा पायी मासे व शिंपले पकडणारी, गोळा करणारी, त्यांवर प्रक्रिया अथवा त्यांची विक्री करणारी व्यक्ती, होडीची मालकी आवश्यक नाही."

त्यानंतर राखीव पट्टा. चिलीत किनाऱ्यापासून पाच सागरी मैल छोट्या मच्छीमारांसाठी राखलेले आहेत, फिलिपिन्सच्या १९९८च्या कायद्यानं १५ किलोमीटर राखले. पण त्याच कायद्यानुसार १०.१ ते १५ किलोमीटरमध्ये स्थानिक प्रशासन काही व्यावसायिक बोटींना परवानगी देऊ शकतं. तेव्हा आपल्या मसुद्यात 'परंतु'नं सुरू होणारं प्रत्येक वाक्य लाल पेनानं अधोरेखित करा. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं तिथंच काढून घेतात. गस्त कोण घालणार, डिझेलचा खर्च कुठून येणार, हेही विचारा. गस्तच नसेल तर पट्टा नकाशावरच राहतो.

मसुदा बंदरावर मोठ्यानं वाचून दाखवा, जाळी विणताना लोक नीट ऐकतात. बायकांची बैठक वेगळी घ्या. एकत्र बैठकीत त्या बोलतच नाहीत, आणि विक्रीचा हिशेब तर त्यांच्याकडंच असतो. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचं माप, किती असावा यावर भांडण हमखास होईल. ते लपवू नका. कोणत्या जाळ्यांचे मच्छीमार काय म्हणतात, हे दोन्ही बाजूंनी लिहा. खोट्या एकमताचा फुगा सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला फुटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१४च्या लघु मासेमारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा आधार जरूर घ्या. पाचवं प्रकरण हक्क आणि व्यवस्थापनाचं, आठवं स्त्री-पुरुष समानतेचं. मात्र ही तत्त्वं ऐच्छिक आहेत, त्यामुळे 'उल्लंघन' म्हणू नका, 'विसंगत' म्हणा. नाहीतर समोरचा वकील त्या एका शब्दावरच बोलत बसेल.

कलमवार तक्ता करा: मूळ मजकूर, आमचा आक्षेप, सुचवलेला मजकूर. पत्र मुदतीच्या आधी द्या, प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि प्रत्येक सूचना स्वीकारली की फेटाळली, याचं कारणांसह लेखी उत्तर त्याच पत्रात मागून ठेवा.