ग्रिनेलकरांनो, भेंडीची घाई नको

एप्रिल संपत आला की आयोवात, आपल्या ग्रिनेल गावात, एक दिवस असा उगवतो की दुपारी पारा ७५ फॅरनहाइटला जातो, लोक हाफ पँटवर फिरायला लागतात आणि आपल्यातला जो तो नर्सरीतून टोमॅटो-मिरचीची रोपं घेऊन घरी. मीपण आणलेली पहिल्या वर्षी, बारा टोमॅटो, सहा मिरच्या, एका संध्याकाळीत लावून मोकळा. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर पानं उकडलेल्या पालकासारखी, काळपट आणि लुळी. फोनवर तर रात्रीचं मिनिमम ३६ होतं, गोठायला ३२ लागतं ना, मग हे कसं झालं?

तर फोरकास्टमधलं तापमान असतं जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवरचं. आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमीन रात्रभर उष्णता सोडत बसते आणि रोपाच्या उंचीवर पारा अजून तीन-चार डिग्री खाली जातो. म्हणूनच नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, ३३ ते ३६ च्या अंदाजालाच फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे पानांवर दव गोठायचा इशारा, काढते. आपल्याला लागू असलेलं ऑफिस नावाला डी-मॉइनचं, आहे जॉन्स्टनला, म्हणजे इथून आय-८० हायवेने तासाभरावर. त्यामुळे नुसतं मिनिमम बघू नका, रात्रीचा वारा, ढग आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला दव पडायला लागतं तो आकडा, हवा कोरडी तेवढा तो खाली) तिन्ही बघा. तुमचं परसदार खोलगट असेल तर अजून दोन डिग्री वजा करा, थंड हवा पाण्यासारखी सखल जागी जाऊन साचते.

मुळात इथली हवा अशी लहरी का, तर कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मध्ये आडवा डोंगरच नाही. सह्याद्री कसा ढगांना अडवतो, तसं अडवायला इथे कोणी नाही. आज आखाताची दमट हवा, उद्या कॅनडाची कोरडी, आणि दोघींची गाठ पडते ती बरेचदा आपल्याच डोक्यावर. १७ जून १८८२ च्या रात्री टोर्नॅडोने हे गाव आणि कॉलेज उद्ध्वस्त केलं होतं, आणि १० ऑगस्ट २०२० चा देरेचो, म्हणजे सरळ रेषेत लांबवर झोडपत जाणारं वादळ, तर इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो, उभा मका झोपला होता. म्हणून टोर्नॅडो वॉच म्हणजे शक्यता, टोर्नॅडो वॉर्निंग म्हणजे लगेच बेसमेंट, हे घरातल्या पोरांनाही पाठ पाहिजे. मे-जूनमध्ये पाऊसही सगळ्यात जास्त पडतो, तेव्हा वाफे थोडे उंचच करा.

आता लागवडीचं. हवेपेक्षा माती बघा. स्वयंपाकघरातला मांस तपासायचा थर्मामीटर चालतो, चार इंच खोचून सकाळी बघायचं, दुपारी नाही, दुपारचा आकडा फसवतो. मक्यावाले शेजारी ५० आणि पुढे वाढतंय का ते बघतात, आणि पेरल्यावर एक-दोन दिवसांत थंड पाऊस येणार असेल तर ट्रॅक्टर शेडमध्येच ठेवतात, कारण बी पहिलंच पाणी थंडगार प्यायलं तर ते बिघडतं. मका उगवून वर आल्यावर फ्रॉस्टने पानं जळली तरी बहुतेकदा सावरतो, त्याचा वाढीचा कोंब सुरुवातीला जमिनीखालीच असतो. सोयाबीनचा वर असतो, तो गेला की गेला.

मेथी, पालक, मुळा, मटार आत्ताच टाका, त्यांना थंडी चालते, उलट जूनच्या उन्हात मेथी लगेच फुलावर जाते. टोमॅटो मदर्स डेनंतर (मेचा दुसरा रविवार), तेही दहाएक दिवस रोपं रोज थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावल्यावरच. मिरची-वांगी अजून आठवडाभर थांबवा, रात्री ५५ च्या खाली जाईनात तोवर.

फ्रॉस्टची रात्र आलीच तर दुपारी मातीला पाणी द्या आणि संध्याकाळी जुनी चादर पार जमिनीपर्यंत टाका, वरून नुसती टोपी घातल्यासारखी नको, मातीची ऊब आत राहिली पाहिजे. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकेल तिथे पान जळतं. सकाळी ऊन आलं की काढा, मी एकदा विसरून ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी शिजलेलं काकडीचं रोप काढून टाकलं.

आणि भेंडी? माती सकाळी ६५ दाखवेपर्यंत पुडी फोडायचीच नाही. आपल्याकडे ते मेच्या शेवटाला होतं. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, एका जागी दोन टाका.