पीटच्या रानातली तीन फुटी रेल्वे

आयर्लंडमध्ये सिव्हिलचं एम.एस्सी. करताना एका उन्हाळ्यात मी ऑफली काउंटीत पीटच्या रेल्वेवर काम केलं. या विषयात शिरू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: आधी जमीन शिका, इंजिनं नंतर.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेलं शेवाळ नि गवत; वाळवलं की ते इंधन म्हणून जळतं. मूळच्या थरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दर 15 मीटरवर चर खणून काही वर्षं ते निथळू द्यावं लागतं, तेव्हा कुठे ट्रॅक्टर उभा राहतो. मग वरचा सेंटिमीटरभर थर खरवडायचा, उन्हात उलटापालटा करून वाळवायचा, लांबलचक ढीग घालून त्यावर प्लॅस्टिक अंथरायचं. असा माल तिथून ट्रकने काढायला जाल तर चाकं रुततील. रूळ आणि स्लीपर भार पसरवतात. 1946 साली सुरू झालेल्या 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीने म्हणून 3 फुटी गेजचं (म्हणजे दोन रुळांमध्ये तीन फूट अंतर असलेलं) मोठं जाळं उभं केलं. आपल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडीही एका आसावर 5 टनांचाच भार धरून आखलेली होती. तो हिशोब एकदा समजून घ्या, इथे फार उपयोगी पडतो.

मला सगळ्यात आवडली ती तात्पुरती लाइन. ढिगाऱ्याच्या कडेला रूळ टाकायचे, एक्स्कॅव्हेटरने वाघिणी (मालगाडीचे डबे) भरायच्या, ढीग संपला की तेच रूळ उचलून पुढच्या ढिगाशेजारी न्यायचे. वाघिणी पीट जाळणाऱ्या वीजकेंद्रावर जात. तिथे अख्खी वाघीण फिरवून रिकामी करायचं यंत्र असे.

पहिल्याच आठवड्यात लाइनची पातळी मोजायला लेव्हल लावली, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, जी बबल मध्यावर आणून आडवी करतात. रीडिंग घेतलं, वहीत लिहिलं, पुन्हा डोळा लावला तर आकडा बदललेला. बबल सरकलेला. मी स्क्रू फिरवत राहिले. शेवटी गँगमधल्या एका वयस्क माणसाने काही न बोलता तिपाईच्या पायांखाली तीन फळ्या सारल्या. तिपाई मुंगीच्या गतीने खाली जात होती, आणि मी उपकरणाला दोष देत होते. तुम्ही जाल तेव्हा फळ्या आधीच न्या. भरलेली गाडी जाण्याआधी आणि गेल्यावर, अशी दोनदा मोजणी करा. शक्यतो पावसानंतरही एकदा.

आता ते काम उरलेलं नाही. शॅननब्रिज आणि लेन्सबरोची वीजकेंद्रं 2020च्या अखेरीस बंद झाली. जानेवारी 2021मध्ये कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. चर बुजवून दलदल पुन्हा ओली करायचं काम सुरू आहे, आणि तिथेही पाण्याची पातळी मोजणारी माणसं लागतातच. फक्त रेल्वेचंच वेड असेल तर एस्टोनियातलं लावास्सारेचं रेल्वे संग्रहालय गाठा, किंवा वेल्समधली टॅलिलिन रेल्वे. तिथल्या 'टॉम रोल्ट' इंजिनाचे बरेचसे भाग बोर्ड ना मोनाच्या 1949च्या वाफेच्या इंजिनातून आलेत. मी त्याच्या चाकांजवळ बराच वेळ उभी होते.