रब्बीच्या तोंडावर माती, पाणी आणि जनावरांच्या पोटातील जिवाणूंची जनुकीय तपासणी : सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी सल्ला

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात ज्वारीची पेरणी आणि हस्त बहर धरलेल्या डाळिंब बागांची देखभाल ही कामे एकदमच अंगावर येतात, आणि त्यांच्या मागोमाग कारखान्यांची धुराडी पेटली की जनावरांची वैरणही बदलते. याच दिवसांत अलीकडे बरेच शेतकरी विचारतात की मातीतील जिवाणूंची डीएनए तपासणी करून घ्यावी का. करावी, परंतु ती एका नमुन्याची कधीही करू नये. खराब जागेचा एक आणि त्याच शेतातील चांगल्या जागेचा एक, असे किमान दोन नमुने असतील तरच खर्च केलेल्या पैशातून काही हाती लागते.

या तपासणीचे मूळ थोडक्यात असे आहे. पूर्वी मातीतील जिवाणू काचेच्या बशीत, पोषक द्रव्यावर वाढवून मोजत असत. मात्र मातीतील जिवाणूंपैकी जेमतेम एक टक्का अशा बशीत वाढतात आणि बाकीचे तेथे तग धरत नाहीत. म्हणून मातीच्या, पाण्याच्या किंवा पोटातील द्रवाच्या नमुन्यातून सगळ्यांचा डीएनए एकत्रच काढायचा आणि त्यावरून तेथे कोण कोण आहे व कोणाच्या अंगी कोणती क्षमता आहे हे वाचायचे, अशी पद्धत पुढे आली. १९९८ मध्ये जो हॅंडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला मेटाजिनोमिक्स हे नाव दिले. आपल्याकडे जी तपासणी स्वस्तात मिळते ती बहुधा १६एस या एकाच जनुकाची असते. तिच्यातून जिवाणूंची कुळे कळतात, परंतु बुरशी कळत नाही. बुरशीसाठी आयटीएस नावाचा वेगळा भाग वाचावा लागतो. डाळिंबाच्या मर रोगासाठी १६एसचा अहवाल मागवणे म्हणजे रोगाच्या मुख्य कारणाकडेच पाठ फिरवण्यासारखे आहे, कारण ते कारण बुरशी हे आहे.

गेल्या हंगामात सांगोल्याकडील एका डाळिंब बागायतदाराने असाच एक अहवाल मला दाखवला. चाळीसएक पाने, रंगीत वर्तुळे आणि शंभराहून अधिक नावे होती. नमुना कसा घेतला हे विचारल्यावर त्यांनी सांगितले की पूर्ण वाळलेल्या झाडाखालची माती पिशवीत भरली, पिशवी दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत राहिली आणि मग कुरिअरने गेली. पिशवी फुगली होती आणि आतून पाण्याचे थेंब धरले होते, हेही त्यांना आठवत होते. त्या दोन दिवसांत बंद पिशवीच्या उष्णतेत जे जिवाणू माजले, त्यांचीच मोजदाद त्या अहवालात झाली असणार. शिवाय झाड पूर्ण मेल्यावर त्याच्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशा आणि जिवाणूंची गर्दी होते, त्यामुळे मारणारा कोण आणि नंतर जेवायला आलेला कोण हे अशा मातीतून सांगता येत नाही.

नमुना कसा घ्यावा हे म्हणूनच सविस्तर सांगतो. साध्या माती परीक्षणासाठी आपण माती सावलीत वाळवतो, चाळतो आणि सावकाश देतो. डीएनएसाठी यातले काहीच चालत नाही. नमुना वाफशावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी ओलसर असताना घ्यावा. कोरड्या जमिनीवर पाऊस पडताच पहिले काही दिवस जिवाणूंची एकदम उसळी येते आणि त्या दिवसांतील चित्र नेहमीचे नसते, म्हणून पावसानंतर वाफसा येईपर्यंत थांबावे आणि चांगल्या व खराब अशा दोन्ही जागांची माती एकाच दिवशी काढावी. शेणखत, रासायनिक खत किंवा बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) नुकतीच झाली असेल तर तेव्हा नमुना घेऊ नये. वरचा पालापाचोळा बाजूला सारून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती ८ ते १० ठिकाणांहून घ्यावी आणि ती एकत्र मिसळून त्यातील मूठभर माती नव्या, न वापरलेल्या प्लास्टिक पिशवीत भरावी. खुरपे किंवा गिरमिट प्रत्येक जागेपूर्वी धुऊन स्पिरिटने पुसावे. हातमोजे घालावेत, कारण आपल्या कातडीवरील जिवाणूही अहवालात येऊन बसतात. पिशवी लगेच बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसेल तर नमुना टिकवणारे द्रावण भरलेल्या कुप्या प्रयोगशाळेकडून आधीच मागून घ्याव्यात.

आपली माती काळी, चिकण आणि विम्लधर्मी आहे हे प्रयोगशाळेला आवर्जून कळवावे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण डीएनएला धरून ठेवतात, आणि मातीतून त्याच्याबरोबर येणारी ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या पालापाचोळ्यातून तयार होणारी) पुढील रासायनिक क्रियेत अडथळा आणतात. लाल मातीला चालणारी पद्धत जशीच्या तशी वापरली तर नमुन्यातून पुरेसा डीएनए निघतच नाही, आणि मग "आपल्या जमिनीत जिवाणू कमी आहेत" असा निष्कर्ष काढला जातो. आपल्या हलक्या व मध्यम जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी असतो हे खरेच आहे, परंतु तो साध्या परीक्षणात थोड्या पैशांत कळतो आणि त्यासाठी डीएनएची गरज नाही.

डाळिंबाच्या मर रोगात नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. एखादी फांदी नुकतीच पिवळी पडू लागलेली आणि बाकीचे झाड हिरवे, असे झाड निवडावे. त्याचे बोटभर जाड मूळ आडवे कापून पाहावे. सालीखालच्या लाकडात तपकिरी-काळपट डाग दिसला तर सेराटोसिस्टिस बुरशीचा संशय बळावतो. मूळ स्वच्छ असेल आणि बारीक मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमींकडे पाहावे. ज्याच्यावर संशय आहे तो एकच रोगकारक शोधायचा असेल तेव्हा संपूर्ण समुदायाची तपासणी करणे म्हणजे एका माणसाला शोधण्यासाठी सगळ्या गावाची शिरगणती करण्यासारखे आहे. अशा वेळी फक्त त्या रोगकारकाचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी स्वस्त पडते आणि लवकर होते. डाग पडलेल्या मुळाचा तुकडा आणि त्याला चिकटलेली माती घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवावी. संपूर्ण समुदायाची तपासणी उपयोगी पडते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे एकाच ओळीत, एकाच पाण्यावर, एकाच कलमाची काही झाडे मरतात आणि काही टिकतात, तेव्हा टिकलेल्या झाडांच्या मुळांभोवती वेगळे काय आहे हे पाहण्यासाठी.

अहवाल हाती आल्यावर त्यातील टक्केवारी जपून वाचावी. सांगोल्याच्या बाजारात एका रविवारी २०० जनावरे आली आणि त्यात ४० खिलार होती, तर खिलार २० टक्के झाली. पुढच्या रविवारी पावसामुळे ८०च जनावरे आली आणि त्यात ३२ खिलार होती, तर ती ४० टक्के झाली. टक्केवारी दुप्पट झाली, पण खिलार जनावरे ८ने घटली. जिवाणूंच्या अहवालातील टक्के नेमके असेच असतात. प्रत्यक्ष संख्या हवी असेल तर वेगळी मोजणी सांगावी लागते. दुसरी गोष्ट अशी की बुरशीच्या अहवालात "फ्युजारियम आढळले" एवढ्यावर घाबरून आळवणी करू नये. फ्युजारियम या बुरशीच्या असंख्य प्रकारांपैकी बरेचसे निरुपद्रवी असतात आणि अहवालात अनेकदा फक्त कुळाचे नाव असते. तिसरी गोष्ट, मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मातीत बराच काळ टिकतो, त्यामुळे नाव सापडले म्हणजे तो जिवाणू जिवंत व कामावर आहे असे होत नाही. असा अहवाल देऊन त्याच बैठकीत "कमी पडलेल्या जिवाणूंची" बाटली विकणाऱ्यांपासून दोन हात लांबच राहिलेले बरे.

बाटली आणि पाकीट यांचा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा. नियमाप्रमाणे जिवाणू खताच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. २५० ग्रॅमच्या पाकिटात ते साधारण १,२५० कोटी होतात. ऐकायला ही संख्या प्रचंड वाटते. परंतु एका हेक्टरवरील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते, म्हणजे पाकीट शेतभर फेकले तर दर ग्रॅम मातीच्या वाट्याला ६ जिवाणू येतात, आणि त्याच ग्रॅममध्ये मूळचे जिवाणू कोट्यवधी असतात. तेच पाकीट हेक्टरी १० किलो ज्वारीच्या बियाण्याला चोळले तर मालदांडीसारख्या टपोऱ्या दाण्याच्या एकेका बीवर ४० हजारांच्या आसपास जिवाणू बसतात, आणि मूळ फुटताच ते त्याच्या शेजारी असतात. बीजप्रक्रियेचा आग्रह आम्ही धरतो तो या हिशोबामुळे. काणी रोगासाठी ३०० मेश गंधक प्रति किलो ४ ग्रॅम आधी चोळावे. त्यानंतर ॲझोटोबॅक्टर (हवेतील नत्र धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो बियाणे, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून लावावेत. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. उन्हात ठेवलेले पाकीट विकत घेऊ नये.

हरभऱ्यासाठी ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) प्रति किलो ५ ग्रॅम आणि शेवटी हरभऱ्याचेच रायझोबियम (मुळांवरील गाठींत राहून नत्र देणारे जिवाणू) लावावे. भुईमुगासाठीचे रायझोबियम हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरत नाही, कारण दोन्हींचे जिवाणू वेगळे आहेत. जिवाणू लागू पडले की नाही हे पाहण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी दोन-तीन रोपे मातीसकट अलगद उपटावीत, मुळे पाण्यात धुवावीत आणि मुळावरची गाठ नखाने किंवा पात्याने चिरावी. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्र स्थिरीकरण चालू आहे, पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.

पाण्याच्या बाबतीत उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांनी अधिक सावध राहावे. पुण्याकडील सांडपाणी भीमेतून येथे उतरते आणि त्यातील नत्र-स्फुरदावर निळे-हिरवे शेवाळ माजते. पाण्यावर हिरव्या रंगाची दाट साय दिसली तर तेथे जनावरे पाजू नयेत. या शेवाळातील मायक्रोसिस्टिससारखे प्रकार यकृताला घातक विष तयार करू शकतात, आणि ते विष उकळूनही जात नाही. डीएनए तपासणीत विष तयार करणारे जनुक सापडले तर धोका आहे एवढे कळते. त्या दिवशी पाण्यात विष किती आहे हे मात्र वेगळ्या चाचणीनेच ठरते. मोरचूद टाकून शेवाळ मारण्याचा घाईचा उपाय तर उलटा पडतो, कारण पेशी फुटतात आणि आतील विष एकदम पाण्यात मिसळते. वाऱ्याने साय ज्या काठाला जमते तो काठ सोडून, नाहीतर विहिरीवरून हौदात पाणी घेऊन जनावरांना पाजावे. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी डीएनए अहवालावर विसंबू नये. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये हा नेहमीचा निकष आणि नेहमीची चाचणीच योग्य आहे.

शेततळ्यावरील ठिबक संचात ड्रिपरच्या तोंडाशी बुळबुळीत थर साचतो, तोही जिवाणूंचाच असतो. तो काढण्यासाठी क्लोरीन द्यावे की आम्ल, हे पाण्याच्या परीक्षणावरून ठरवावे. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल ही दोन्ही एकत्र किंवा एकाच टाकीत कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

राहता राहिली जनावरे. ऊसतोडणी सुरू झाली की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक आणि स्वस्त मिळतात, आणि कडब्यावरच्या गाई-म्हशींना एका दिवसात पोटभर वाढे टाकले जातात. वाढ्यांत ऑक्झालेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. ते पोटातच मोडून टाकणारे ऑक्झालोबॅक्टर नावाचे जिवाणू रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात असतात, पण वाढे हळूहळू वाढवत नेले तरच त्यांची संख्या पुरेशी होते. पोटातील जिवाणूंनी असा फरक पडतो याचा जुना दाखला सुबाभळीचा आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन गुरे आजारी पडत, हवाईतील शेळ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने त्या शेळ्यांच्या पोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियन गुरांना दिले आणि त्रास थांबला. पुढे त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी असे त्यांच्याच आडनावावरून नाव मिळाले.

आपण करायचे ते एवढेच की वाढे वैरणीच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरू करून दर तीन-चार दिवसांनी थोडे वाढवावेत, दोन आठवडे त्यासाठी द्यावेत, कडबा कुट्टी पूर्ण बंद करू नये आणि मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. दुभत्या पंढरपुरी म्हशीच्या बाबतीत ही घाई विशेष महागात पडते. लग्नकार्यातील उरलेला भात, पोळ्या किंवा उघड्या पोत्यातील ज्वारी जनावराने भरपूर खाल्ली तर पोटात आम्ल तयार करणारे जिवाणू काही तासांत माजतात, अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवावे.

पोटातील जिवाणूंची तपासणी करायचीच असेल तर शेणाचा नमुना पुरेसा नाही, कारण पहिल्या पोटातील आणि शेणातील समुदाय वेगळे असतात. पोटातील द्रव नळीने काढावा लागतो आणि ते काम पशुवैद्यकांनीच करावे. नमुन्यासोबत जनावराचे वय, वेत, त्या दिवशीची वैरण आणि गेल्या दोन महिन्यांत प्रतिजैविके दिली असल्यास त्यांची नावे व तारखा लिहून द्याव्यात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण बर्फाच्या डब्यात शाई फुटते आणि दोन नमुन्यांतील कोणता कोणाचा हेच मग कळत नाही.