एसएसडी घेताना खोक्यावरच्या वेगाला भुलू नका

सांगलीत विश्रामबागेत एसएसडी (हार्डडिस्कऐवजी वापरायची चिपवरची वेगवान साठवण) घ्यायला निघण्याआधी लॅपटॉपचा स्लॉट तपासा. साटा (जुनी, संथ जोडणी) असेल तर वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो. जेन ३ (पीसीआयई या वेगवान जोडणीची तिसरी पिढी) स्लॉटमध्ये पुढच्या पिढीची जेन ४ ड्राइव्ह चालते, पण साधारण ३,५०० एमबीच्या पुढे जात नाही. जास्तीचे पैसे वाया.

खरा फरक कॅश (ड्राइव्हमधला छोटा, वेगवान भाग) भरल्यावर कळतो. लग्नाच्या शूटिंगचं १०० जीबी फुटेज टाकताना पहिले काही जीबी सपाट्यानं जातात, मग स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हचा वेग हार्डडिस्कइतका खाली येऊ शकतो. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितकी ही कॅश सहसा लहान. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरची नेहमीची १ जीबीची चाचणी कॅशमध्येच संपते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. दुसऱ्या वेगवान एसएसडीवरून मोठं फोल्डर कॉपी करा आणि विंडोजचा आलेख कुठे कोसळतो ते बघा. पेनड्राइव्हवरून केलीत तर पेनड्राइव्हच मोजला जाईल!

किंमत जीबीनं भागा, तशीच टीबीडब्ल्यूनंही (ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल याचा कंपनीनं दिलेला आकडा). १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हना ६०० टीबीडब्ल्यू असतं. रोज ५० जीबी लिहिलं तरी तीस वर्षांवर पुरतं. टायपिंग-टॅलीपुरतं काम असेल तर क्यूएलसी खुशाल घ्या. व्हिडिओ एडिटिंगला मात्र टीएलसीच.