परदेशी बर्बनसाठी जादा पैसे मोजताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेतला भाचा किंवा मेहुणा सुट्टीवर आला की हा संवाद ठरलेला असतो. तो कपाटातली मेकर्स मार्क, म्हणजे मक्यापासून बनणारी अमेरिकन बर्बन व्हिस्की, हातात घेतो, किंमत विचारतो आणि कपाळावर हात मारतो. "अरे, आमच्याकडे ही पंचवीस-तीस डॉलरला मिळते!" यजमानाला उगाच आपण लुटलो गेल्यासारखं वाटतं. पण केंटकीतल्या लुईव्हिलच्या दुकानातला भाव पुण्यात राहणाऱ्याच्या काय कामाचा? तो भाव तुम्हाला मिळणारच नसतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपल्या गावच्या वाइन शॉपमध्ये एवढ्याच पैशांत दुसरं काय येतं, आणि त्यापेक्षा ही बाटली सरस आहे का? हा प्रश्न बाजूला राहिला की पुढच्या चुका ओळीने होतात.

डॉलरचे रुपये करून रडत बसणं

अमेरिकेतल्या फळीवरचा आकडा मुळातच अर्धवट असतो. त्यात बहुतेक ठिकाणी विक्रीकर धरलेला नसतो. शिवाय तिथला केंद्राचा अबकारी कर ८० प्रूफच्या, म्हणजे ४० टक्क्यांच्या, ७५० मिलीच्या बाटलीवर दोन डॉलरच्या जेमतेम वर पडतो. युरोपात त्याच नावाची बाटली ७०० मिलीची असते. म्हणजे भावाशी भाव लावताना माप आणि कर दोन्ही वेगळे.

भारतात बर्बनवरची आयात ड्युटी २०२५ च्या फेब्रुवारीत १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आली. बातमी वाचून अनेकांनी किंमत एक तृतीयांशाने उतरेल असा हिशेब केला. आता हा हिशेब नीट मांडू. बंदरात हजार रुपयांना पडलेली बाटली आधी ड्युटीसकट अडीच हजारांची होत होती, आता दोन हजारांची होते. म्हणजे कपात २० टक्के, तीही फक्त या पहिल्या पायरीवर. त्यावर आयातदाराचा नफा, राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट आणि दुकानदाराचं मार्जिन चढतं. मानवी सेवनाचं मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्याचं गणित निराळं. महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरात आयात मद्यावरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केलं, तेव्हा ग्राहकाला फरक जाणवला तो दिल्लीमुळे नव्हे, मुंबईमुळे.

यातली खरी मेख मात्र कर कशावर बसतो यात आहे. इंग्लंडमध्ये कर अल्कोहोलच्या प्रमाणावर बसतो, किमतीवर नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तो शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ३२.७९ पाउंड झाला. म्हणजे त्या दराने ४० टक्क्यांच्या ७०० मिली बाटलीवर ९ पाउंड १८ पेन्स, मग ती बाटली साधी असो की भारी. वर २० टक्के व्हॅट. त्यामुळे तिथे स्वस्त बाटलीत निम्म्याहून जास्त पैसे सरकारचे असू शकतात आणि चार-पाच पाउंड जास्त टाकले की ते बरेचसे व्हिस्कीतच जातात. ऑस्ट्रेलियातही असंच, फक्त तिथला कर आणखी जड आहे आणि महागाईप्रमाणे वर्षातून दोनदा वाढतो.

आपल्याकडे उलट. ड्युटी किमतीच्या टक्क्यांत आहे, त्यामुळे मूळ किमतीतला प्रत्येक जादा रुपया गुणाकार होऊन आपल्यापर्यंत येतो. लंडनचा यूट्यूबर सांगतो, "थोडे पैसे जास्त टाका आणि वरची बाटली घ्या." लीड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने ते खुशाल ऐकावं. नाशिककराने ऐकू नये. भारतात बर्बन घ्यायचीच तर मधल्या किमतीच्या फळीवर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयाचा आकडा स्कॉचसारखा वाचणं

स्कॉचवर १२ लिहिलेलं असतं, बर्बनवर बहुधा काहीच नसतं. मग बर्बन कच्ची, असा निष्कर्ष. हा निष्कर्ष चूक आहे. बर्बन आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात भरावी लागते. स्कॉच मुख्यतः वापरलेल्या पिंपात मुरते. नवं लाकूड भराभर रंग आणि चव सोडतं. केंटकीचा उन्हाळा कडक, हिवाळा गोठवणारा. त्या चढउतारात व्हिस्की लाकडात शिरते आणि बाहेर येते. सहा-आठ वर्षांत ती तयार होते, आणि फार ठेवली तर लाकूडच बोलू लागतं: तुरट, कडवट. बारा-पंधरा वर्षांच्या बर्बनसाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याला कधी कधी महागडा भुसा मिळतो.

लेबलवरची शोभेची अक्षरं आणि कायद्याची अक्षरं यात गल्लत

इथे थोडं थांबू, कारण पैसे वाचवण्याची सगळ्यात सोपी जागा हीच आहे.

"स्मॉल बॅच" या शब्दांना अमेरिकन कायद्यात व्याख्या नाही. बॅच दहा पिंपांची असेल नाहीतर काही शेकड्यांची. "हँडक्राफ्टेड", "रेअर", आजोबांचा फोटो, सही, मेणाचं झाकण ही सगळी सजावट.

"बर्बन" या शब्दाला मात्र अर्थ आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका, ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर नाही, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नाही, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नाही. आणि बनलेली अमेरिकेतच हवी; १९६४ मध्ये तिथल्या काँग्रेसने तिला अमेरिकेचं खास उत्पादन ठरवलं. केंटकीचीच असली पाहिजे असं मात्र नाही.

"स्ट्रेट" हा शब्द शोधा. त्याचा अर्थ निदान दोन वर्षं पिंपात, वरून रंग वा चव काहीही न घालता. आणखी एक उपयोगाची गोष्ट: स्ट्रेट बर्बन चार वर्षांपेक्षा लहान असेल तर वय लेबलवर लिहावंच लागतं. म्हणजे "केंटकी स्ट्रेट बर्बन" लिहिलंय आणि वय लिहिलेलं नाही, तर ती चार वर्षांची तरी आहे. दुकानात उभ्या उभ्या एवढं कळलं तरी पुष्कळ.

"बॉटल्ड इन बाँड" दिसलं तर आणखी बरं. हा १८९७ चा कायदा. त्या काळी व्यापारी तंबाखूपासून काय वाट्टेल ते मिसळून व्हिस्की म्हणून खपवत होते. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची, ही त्याची अट.

मग मागचं बारीक अक्षर. "डिस्टिल्ड बाय" आणि "बॉटल्ड बाय" या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याकडून व्हिस्की विकत घेऊन स्वतःच्या नावाने बाटलीत भरणं कायदेशीर आहे. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या एका मोठ्या कारखान्याचा माल कितीतरी ब्रँडांच्या बाटल्यांत असतो आणि तो चांगलाही असतो. फक्त "आमच्या खापरपणजोबांची पाककृती" या गोष्टीचे पैसे देऊ नका.

शेवटी टक्केवारी. एकच ब्रँड देशागणिक वेगळ्या ताकदीत मिळतो: वुडफर्ड रिझर्व्ह अमेरिकेत ४५.२ टक्के, बाहेरच्या बऱ्याच बाजारांत ४३.२. ७०० मिली ४० टक्के म्हणजे २८० मिली अल्कोहोल. ७५० मिली ५० टक्के म्हणजे ३७५. दुसरी बाटली पाव पटीने महाग असली तरी ती स्वस्त पडली. आपल्याकडे पाणी किंवा सोडा घातल्याशिवाय फार थोडे पितात, तेव्हा हा फरक थेट ग्लासात दिसतो. ४० टक्क्यांच्या साध्या बर्बनमध्ये ग्लासभर सोडा ओतला की उरतं ते गोडसर पाणी.

मिळत नाही म्हणजे चांगली असणार

पॅपी व्हॅन विंकल किंवा ब्लँटन्स या बर्बनभोवतीचा सगळा गोंगाट अमेरिकेतल्या टंचाईचा आहे. परदेशात तीच टंचाई आणखी वर चढवून विकली जाते. पण गंमत बघा, इतिहास अनेकदा उलटा चालला आहे. फोर रोझेसची स्ट्रेट बर्बन कित्येक दशकं अमेरिकेत मिळतच नव्हती. ती युरोप-जपानला जायची आणि घरच्या लोकांना त्याच नावाची हलकी ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्की, मिळायची. २००२ मध्ये जपानच्या किरीनने डिस्टिलरी घेतली आणि मग ती मायदेशी परतली. ब्लँटन्स गोल्ड तर २०२० पर्यंत निर्यातीसाठीच होती. तेव्हा टोकियो किंवा पॅरिसला जाणार असाल तर नजर ठेवा. इथे एखादा कुणी दुर्मीळ म्हणून तिप्पट भाव सांगत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा.

टोरांटोवाल्यांसाठी गणितच बदललं आहे. अमेरिकेशी टॅरिफच्या भांडणात २०२५ च्या मार्चमध्ये ऑन्टारिओसह बऱ्याच प्रांतांनी सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू काढून टाकली. अशा वेळी जुन्या साठ्यासाठी कुणी जादा भाव सांगितला, तरी आतली व्हिस्की तीच असते.

शेजारची बाटली न बघणं

जॅक डॅनियल्स घेऊन "बर्बन आणली" म्हणणारे खूप. ती टेनेसी व्हिस्की. पिंपात जाण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळलेली. वाईट नाही, पण बर्बन कशी लागते हे तिच्यावरून ठरवू नका.

"बर्बन कास्क" लिहिलेली भारतीय सिंगल माल्टही बर्बन नव्हे. कोरं पिंप बर्बनला एकदाच चालतं, मग ती पिंपं जगभर विकली जातात. गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन अशाच पिंपांत मुरते. ती बार्लीची आहे, मक्याची नाही, पण व्हॅनिला आणि मधाचा तो बाज तिच्यात आहे आणि तिच्यावर आयात ड्युटी नाही. मला विचाराल तर, फक्त "काहीतरी चांगलं, गोडसर, ओकचं" हवं असेल तर तेवढ्याच पैशांत ही जास्त देते. खास मक्याचा गोडवा आणि जळक्या लाकडाची कॅरॅमलसारखी चव हवी असेल तरच बर्बनसाठी जादा मोजा.

तेही आधी चाखून. परमिट रूममध्ये ३० मिलीचा एक पेग मागवा. तिथे भाव चढा असतो, २०२३ च्या नोव्हेंबरापासून व्हॅटही ५ वरून १० टक्के झाला, तरी खंबा घेऊन कपाटात सडवण्यापेक्षा ते स्वस्त. राय हे धान्य जास्त असलेली, उदाहरणार्थ बुलेट किंवा फोर रोझेस, तिखट लागते. रायऐवजी गहू असलेली मेकर्स मार्क मऊ लागते. यातलं आपल्याला काय रुचतं ते एका संध्याकाळी कळतं.

"ओळखीचा माणूस आहे, ड्युटी फ्रीचा माल देतो"

हा माणूस प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. रिकाम्या विदेशी बाटल्या भंगारवाल्याकडून चढ्या भावाने उचलल्या जातात, त्या कशासाठी याचा विचार करा. अधिकृत आयात बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, एमआरपी आणि आरोग्याचा इशारा असतो. झाकण किंचित फिरतंय का, पातळी मानेत नेहमीपेक्षा खाली आहे का, तेही पाहा. गोव्याची "फक्त गोव्यात विक्रीसाठी" छापलेली बाटली परवान्याशिवाय गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या बांदा नाक्याच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे. आणि महाराष्ट्रात ही दारू प्यायला वय २५ पूर्ण हवं, परवानाही हवा.

ड्युटी फ्रीमधून स्वतः आणणं हा सरळ मार्ग. सवलत माणशी २ लिटरची. तिथे लिटरच्या बाटल्या मिळतात, दोन घेतल्या की हिशेब चोख. ७५० च्या दोन घेतल्या तर अर्धा लिटर वाया, ७०० च्या तीन घेतल्या तर १०० मिली जास्त. वाटेत विमान बदलायचं असेल तर सीलबंद पिशवी घरी येईपर्यंत फोडू नका, नाहीतर सुरक्षा तपासणीत बाटली तिथेच राहते.

आणली, पण मजा नाही आली

घशाला चटका बसत असेल तर आधी चमचाभर पाणी घाला, बर्फ नंतर. बर्फाने चटका जातो तसा वासही जातो. फार गोड वाटत असेल तर साखरेचा चखणा बंद करा. खारे शेंगदाणे किंवा भाजलेला पापड तिच्याशी जमतो. लाकूड जास्त जाणवत असेल तर ग्लासात ओतून पंधरा मिनिटं ठेवा.

तरीही नाही जमलं, तर ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करा: ६० मिली बर्बन, चमचाभर साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचे दोन-तीन थेंब, एक मोठा बर्फाचा खडा आणि वरून संत्र्याच्या सालीचा पिळा. नावडती बाटली अशा रीतीने बिनबोभाट संपते.

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते. खिडकीतल्या उन्हात शोभेला मांडू नका. अर्ध्याच्या खाली गेलेली बाटली "खास पाहुण्यांसाठी" वर्षभर राखून ठेवली तर पाहुण्यांना वास गेलेली व्हिस्की मिळते. आणि त्या पाहुण्यांपैकी जे कोला घालूनच पिणार आहेत त्यांच्यासाठी जिम बीमसारखी साधी बर्बन आणा, मधल्या फळीवरची बाटली त्यांच्यासमोर काढूच नका.