पाळी गेल्यावर हाडांसाठी हार्मोन घ्यायचे का? आधी हे करा

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन झपकन कमी होतं आणि पहिली काही वर्षं हाडं सगळ्यात जोरात झिजतात, म्हणून कंबर दुखायची वाट न बघता आधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करून घ्या, मणका आणि खुबा दोन्हीचा. टाचेवर मशीन लावून कॅम्पात जी फुकट तपासणी करतात त्यावर गोळ्या सुरू करू नका प्लीज. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर बघायचा, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत तुमची हाडं कुठे आहेत तो आकडा, -1 ते -2.5 म्हणजे हाडं पातळ व्हायला लागलीत, -2.5 किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

हार्मोनचा विचार साधारण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षं व्हायच्या आत, त्यातही गरम वाफा, रात्रीचा घाम असेल तर नक्की विचारा. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ब्रेस्ट कॅन्सर, पायात गुठळी, स्ट्रोक, लिव्हरचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आणि ज्यांची पिशवी काढताना अंडाशयंही चाळिशीच्या आधीच काढली गेलीत, गावाकडे अशा कितीतरी बायका आहेत, त्यांनी तर हा विषय टाळूच नका, त्यांना साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायचा सल्ला असतो.

हार्मोनची गोळी किंवा जेल मनाने बंद करू नका, बंद केलं की झीज परत सुरू होते, मग पुढचं औषध काय ते आधीच ठरवा. बाकी नाचणी, दूध, व्हिटॅमिन डी तपासणी आणि रोजचं चालणं हवंच.